साडेआठची चांदणी

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढं सरकावं, पुढच्यांनी पाय आखडून घ्यावेत, म्हणजे कुणाला मान ताणावी लागणार नाही. मान ताणायची वेळ पुढं येणारच आहे. आज एका चांदणीची गोष्ट ऐकायची. रात्रीची नव्हे बरं का, चांगल्या उजेडातली, ऊन चढत असतानाची. ऐकून घरी जाताना एकदा तरी वर बघाल, एवढी हमी माझी. नमनाला घडाभर तेल नको. गोष्टीला हात घालू.

एक मोजणीबाई होती. रस्ता होण्याआधी, पूल बांधण्याआधी, कुणीतरी ती जमीन मोजावी लागते ना, ते काम तिचं. तीन पायांचा स्टँड रोवायचा, त्यावर मोजणीची दुर्बीण चढवायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं बघायचं. बावीस वर्षं हेच. डावा डोळा मिटून मिटून त्याच्या कोपऱ्यात सुरकुत्यांचा पंखा उघडला होता. उजवीकडून पाहिलं तर बाई चाळिशीची, डावीकडून पाहिलं तर पन्नाशीची. "फोटो काढायचा तर उजवीकडून काढा," असं ती स्वतःच सांगायची.

जमिनीचा चढउतार बोटभर चुकला तरी तिला रात्रीची झोप लागत नसे. पण आभाळाकडे मात्र ती दोनच कामांसाठी बघायची. ढग आलेत का, आणि जेवायला किती वेळ आहे. देवानं एवढा मोठा मांडव घातलाय डोक्यावर, आणि आपण सगळे चपला शोधत खाली बघत फिरतो, तशातलीच ती एक.

राहायला ती भावाकडे, वरच्या खोलीत. भावाला एक मुलगी, अकरा वर्षांची. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून टिंबू म्हणायला लागले. पुढं पोरीची उंची वाढली, नाव काही वाढलं नाही.

एका मंगळवारी संध्याकाळी मोजणीबाई कामावरून आली, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. टेबलाशी भाऊ बसलेला, समोर शाळेची चिठ्ठी. टिंबू भिंतीला टेकून उभी, वही पोटाशी घट्ट धरलेली.

"काय रे दादा, काय झालं?"

"विचार तुझ्या लाडक्या भाचीला. खोटं लिहिलं म्हणून शाळेनं कळवलंय. आपल्या घराण्यात आजवर खोटारडं कुणी निघालं नव्हतं."

"तुमचे आजोबा सोडून," आतून वहिनी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस!"

झालं होतं असं. विज्ञानाच्या सरांनी 'माझे निरीक्षण' असा निबंध दिला होता. कुणी मुंग्यांची रांग लिहिली, कुणी ओल्या कापसावरचा हरभरा. टिंबूनं लिहिलं, 'मी रोज सकाळी साडेआठ वाजता आभाळात चांदणी बघते.' सरांनी खाली लाल पेनानं शेरा मारला, 'सूर्य उगवल्यावर तारे दिसत नाहीत. खोटे लिहू नये.' इथवर ठीक होतं. पण ही उभी राहून भर वर्गात म्हणाली, "सर, दिसते." सर म्हणाले, बस खाली. ही म्हणाली, दिसते. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा प्रकरण मुख्याध्यापिकांकडे गेलं, आणि ठरलं की गुरुवारी प्रार्थनेच्या वेळी टिंबूनं पायरीवर उभं राहून सगळ्या शाळेसमोर म्हणायचं, 'मी खोटं लिहिलं, मला माफ करा.'

"म्हणून टाक आणि मोकळी हो," भाऊ म्हणाला. "एका वाक्यानं काय अंग झिजतं का तुझं?"

टिंबूचा शब्द सरळ निघाला. "बाबा, मी खोटं लिहिलं असं म्हटलं, तर ते खोटंच होईल ना?"

भावानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मोजणीबाईनं हात पुढं केला. "वही बघू."

आता लक्ष द्या, कारण गोष्ट इथं वळण घेते. मोजणीच्या धंद्यात एक नेम असतो. मोजमापाच्या वहीत खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बरोबर आकडा त्याच्या डोक्यावर लिहायचा. चुकणं माफ असतं. चूक लपवणं माफ नसतं.

आणि टिंबूच्या वहीत पानंच्या पानं भरलेली होती. तारीख, वेळ, उंची. पहिल्या दिवशी सहा पस्तीस, दात घासताना. दुसऱ्या दिवशी सहा पन्नास. मग सव्वासात. चांदणीला भिंतीच्या कोपऱ्याशी धरून ठेवायचं आणि सूर्य वर आला तरी नजर सोडायची नाही, असा पोरीनं खेळ मांडला होता. रोज थोडा वेळ जास्त, रोज थोडा वेळ जास्त. उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला सायकलचा नट. आणि जागोजागी चुकलेले आकडे, प्रत्येकावर एकच रेघ, डोक्यावर नवा आकडा. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'आज दिसली नाही. मी नीट बघितलं नाही.' सरांनी त्या पानावरही लाल शेरा दिला होता, 'अस्वच्छ'.

मोजणीबाईनं वही मिटली. "हे रेघ मारायचं तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या वहीत बघितलं होतं. मला वाटलं सगळे मोठे लोक असंच लिहितात."

बुधवारी सकाळी आत्या भाचीबरोबर गच्चीवर गेली. टिंबूनं तिला भिंतीच्या सावलीत उभं केलं, खांदे धरून वळवलं, हनुवटी वर केली. "ती बघ. आता दिसेल. दिसली?"

निळं. नुसतं निळं. बाईनं चष्मा लावला, काढला, डोळे चोळले. डोळ्यातच दोन ठिपके तरंगायला लागले, त्यातला एक चांदणी म्हणून खपवावा असं क्षणभर मनात आलं. मायेपोटी 'दिसली' म्हणायला काय जात होतं! पण जे वाचलं नाही ते लिहायचं नाही, ही सवय बावीस वर्षांची होती.

"नाही गं दिसत मला."

टिंबूचा चेहरा पडला. "म्हणजे तूसुद्धा..."

"थांब. चांदणी मी पाहिली नाही. पण वही पाहिली. वही खरी आहे." आणि जरा थांबून म्हणाली, "तू शाळेत ती साडेआठलाच कशी बघतेस? तेव्हा तर प्रार्थना असते. डोळे मिटायचे असतात."

"मी एकच मिटते."

बाईला हसू आवरेना. "उद्या येते मी शाळेत. दुर्बीण घेऊन."

दुर्बीण कार्यालयाची. साहेबांची परवानगी हवी. साहेबांनी विचारलं, "सकाळी सकाळी कुठं न्यायचीय?"

"हद्दीचा वाद आहे, साहेब."

"कुणाच्या हद्दीचा?"

"खऱ्या-खोट्याच्या."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, तिनं पुढं केलेली टिंबूची वही बघितली, आणि सही केली. "काचेला बोट लागलं तर मात्र तुझी नि माझी हद्द ठरेल हां," एवढंच म्हणाले.

गुरुवार उजाडला तो लख्ख. सव्वाआठला बाई खांद्यावर स्टँड आणि हातात पेटी घेऊन शाळेच्या फाटकातून आत आली. तीनशे मुलं रांगेत. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, कडक इस्त्रीच्या कपड्यांत पायरीवर उभ्या. शेजारी विज्ञानाचे सर, खिशाला लाल पेन.

"माझं म्हणणं एवढंच," मोजणीबाई म्हणाली, "माफी मागायच्या आधी मोजणी व्हावी."

सर पुढं आले. माणूस वाईट नव्हता हो, फक्त पुस्तकाला घट्ट धरून चालणारा. "ताई, दुर्बीण सूर्याकडे वळली तर मुलांचे डोळे जातील. मी हे चालू देणार नाही."

"बरोबर बोललात. म्हणूनच मी या उंच भिंतीच्या सावलीत उभी राहणार. सूर्य भिंतीच्या पलीकडं. आणि एकदा दिशा लागली की हा स्क्रू आवळला, मग दुर्बीण भिंतीकडं वळणारच नाही. वाटल्यास स्क्रूवर तुम्ही हात ठेवून उभे राहा."

सर खरंच येऊन उभे राहिले.

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "पहिल्या तासाची घंटा आठ पन्नासला. तोवर दाखवा. नाही दिसली तर ठरल्याप्रमाणे."

"दिवसा तारे दाखवणार म्हणे!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि तीनशे तोंडं एकदम हसली. टिंबू रांगेच्या टोकाला, तिच्या रोजच्या जागी, मान ताठ ठेवून उभी होती. नखं मात्र तळहातात रुतली होती.

बाईनं टिंबूला जरा बाजूला सारून त्याच जागेवर, पाचव्या फरशीवर, खडूची फुली मारली. फुलीवर दोरीला बांधलेला ओळंबा सोडला. स्टँडचे पाय दाबून बसवले. यंत्र सपाट बसावं म्हणून पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला. नळी लांबच्या मनोऱ्यावर धरून चित्र स्पष्ट करून घेतलं. मग म्हणाली, "टिंबे, दिशा?"

"पाण्याच्या टाकीचा पाइप. बरोबर त्याच्या वर."

"उंची?"

"बावन्न अंश!"

बाईनं बावन्न लावले आणि डोळा टेकवला.

निळं.

जरा वर. निळं. जरा खाली. निळंच. डावीकडं, उजवीकडं, निळ्या कापडाचा तागा उलगडावा तसं आभाळ सरकत होतं आणि त्यावर ठिपका म्हणून नव्हता. आठ पस्तीस. आठ चाळीस. बाईच्या मानेवरून घाम उतरायला लागला. पोरं आता हसतही नव्हती, कंटाळली होती, आणि कंटाळलेली पोरं हसणाऱ्या पोरांपेक्षा वाईट. सर दुसरीकडं बघत होते. दुसऱ्याची फजिती बघवत नाही अशी माणसं असतात, त्यातले ते.

"ताई," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "पुरे आता. मुलीला पुढं येऊ द्या."

टिंबू रांगेतून निघाली. पायरीकडं जायची वाट दुर्बिणीजवळून होती. जाता जाता तिनं सवयीनं एक डोळा मिटला आणि दुर्बिणीच्या नळीकडं बाजूनं पाहिलं. आणि थबकली.

"आत्या, ही एवढी खाली का बघतेय?"

"बावन्नच आहे गं. बघ आकडा."

"बावन्न एवढं खाली नसतं!" तिनं खिशातून कोनमापक काढला, नट लोंबकळू दिला. "हे बघ, बावन्न इथं येतं. हे वर!"

बाई तिच्याकडं बघत राहिली. "तू कुठून मोजतेस?"

"जमिनीपासून. आणखी कुठून मोजायचं?"

मोजणीबाईनं कपाळावर हात मारला, असा की पहिल्या रांगेला ऐकू गेला. "अगं माझे आई! आमचं यंत्र माथ्यावरून मोजतं! डोक्यावर शून्य, समोर नव्वद!"

बघा गंमत. जन्मभर जमीन मोजणारी बाई, तिचं यंत्र आभाळापासून खाली उतरतं. आणि आभाळाचं वेड लागलेली पोर, ती मातीपासून वर चढते. रोज सपाट जमिनीवर काम, आकडा नव्वदच्या आसपास, त्यामुळे बावीस वर्षांत बाईला त्या शून्याची आठवणही कधी आली नव्हती. भक्त खालून हाक मारतो, देव वरून येतो. दोघांनी आपापला हिशेब सांगितला नाही तर भेट व्हायची कशी?

"नव्वदातून बावन्न..." बाई पुटपुटली. घाईत डोकं चालेना.

"अडतीस," शेजारून आवाज आला. विज्ञानाचे सर. स्क्रूवर हात, नजर एकदम जागी. "अडतीस लावा, ताई. लवकर."

"आणि पाइपवर नको आता," टिंबू म्हणाली. "ती थांबत नाही ना. साडेआठनंतर पाव तास झाला. चढ संपलाय, म्हणून उंची तेवढीच, पण उजवीकडं गेली असणार." तिनं हात लांब केला, बोटं जुळवून पाइपच्या वर धरली. "तीन बोटं."

सरांनी स्क्रू सैल केला. बाईनं नळी वर उचलली, अडतीसवर आणली, तीन बोटं उजवीकडं नेली. सरांनी स्क्रू आवळला. बाई गुडघ्यावर बसली, कारण एवढ्या वर बघायचं तर खाली बसावंच लागतं, आणि डोळा टेकवून बारीक स्क्रू अगदी केसाएवढा फिरवला.

निळ्याच्या काठातून ती आत आली.

ठिपका नव्हता हो. इवलासा, पांढराशुभ्र, बरोबर अर्धा चंद्र. दिवसाढवळ्या, कुणाचीही परवानगी न घेता, आपल्या वाटेनं चाललेला.

बाई ओरडली नाही. तिचा धंदाच तसा नव्हता. तिनं फक्त घसा साफ केला आणि म्हणाली, "टिंबे, वही काढ. वेळ लिही."

"आठ सेहेचाळीस," टिंबूनं लिहिलं, आणि मग तिला कळलं की आपण काय लिहितोय. पेन हातातून पडलं.

"ये, बघ."

"मला दिसतेय इथून. आधी मोठ्या बाईंना."

मोठ्या बाई आल्या. आपल्या इस्त्रीकडं एकदा बघितलं, फरशीकडं एकदा, आणि तीनशे मुलांच्या देखत गुडघे टेकले. डोळा नळीला टेकवला. मग बाईंच्या तोंडून शब्द निघाला तो मुख्याध्यापिकेचा नव्हता, सहा वर्षांच्या पोरीचा होता.

"अय्या!"

मग सर. ते उठेचनात. शेवटी उठले तेव्हा चष्मा कपाळावर, डोळे ओले. "शुक्र आहे," ते म्हणाले. "अर्धा शुक्र. चंद्रासारख्या कला असतात याला. पंधरा वर्षं फळ्यावर काढतोय मी हा... आज पहिल्यांदा बघितला." मग सवय कुठली जायला, बोट वर करून म्हणाले, "पण मुलांनो, हा तारा नाही. ग्रह आहे."

"म्हणजे तारे दिसत नाहीत हे सरांचं पण बरोबर होतं," टिंबू म्हणाली.

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मोठा माणूस लहानाकडं बघतो तसं नव्हे.

"आता सगळ्यांनी नळीच्या टोकावरून नजर सोडा," मोजणीबाई म्हणाली. "सावलीतच राहा. ती कुठं बघतेय तिकडं, तिच्या रेषेत, लांब बघा. घाई नको."

तीनशे माना वर झाल्या. एक क्षण, दोन क्षण. मग अगदी लहान वर्गातला एक दात पडलेला मुलगा किंचाळला, "दिछली!"

"कुठाय? खोटं!"

"ती काय! पांढली!"

"ए, हो रे! दिसली!"

"मला पण! मला पण!"

दाणे भाजताना पहिला फुटतो, मग दुसरा, मग सगळी कढई तडतडायला लागते, तसं झालं. रांगा मोडल्या. ज्याला दिसली तो न दिसलेल्याची हनुवटी धरून वर करायला लागला. 'दिवसा तारे दाखवणार म्हणे!' असं म्हणणारा मुलगा टिंबूच्याच खांद्यावर हनुवटी टेकवून तिच्या बोटाच्या रेषेत बघत होता आणि "अगं हलू नको ना," म्हणून तिलाच दटावत होता. आठ पन्नास झाले, आठ पंचावन्न झाले, घंटा काही होईना. बघतात तर शिपाईकाका घंटेखाली उभे, हातोडा हातात तसाच, तोंड उघडं आणि मान आभाळात. इतक्या वर्षांत त्या शाळेची घंटा चुकली नव्हती. त्या दिवशी चुकली, आणि कुणी म्हणून कुणी तक्रार केली नाही.

गलका जरा ओसरल्यावर सरांनी टिंबूची वही मागितली. निबंधाचं पान काढलं, लाल पेन उघडलं, आणि आपलाच शेरा गिरगटून टाकायला हात उचलला.

"खोडू नका, सर," मोजणीबाई हसून म्हणाली. "एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

सरांनी 'खोटे लिहू नये' यावर एक सरळ रेघ मारली. त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'दिसते. मी स्वतः पाहिली. वेळ आठ अठ्ठेचाळीस.' आणि खाली सही केली. मग मागं उलटून 'अस्वच्छ'वरही एक रेघ मारली. त्याच्या डोक्यावर काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून नुसतीच सही केली.

संध्याकाळी भावानं ते पान चार वेळा वाचलं. शेजाऱ्याला बोलावून पाचव्यांदा वाचून दाखवलं. "सांगत नव्हतो? आमच्या घराण्यात खोटारडं कुणी निघालंच नाही!"

"आजोबा सोडून," आतून आवाज आला, आणि या वेळी भाऊसुद्धा हसला.

त्या शाळेत पाचव्या फरशीवरची फुली आता खडूची नाही, कोरलेली आहे. शुक्र सकाळचा असेल त्या दिवसांत मुलं पाळीपाळीनं तिथं उभी राहतात, कोनमापक, दोरा, नट घेऊन. वह्यांवर पहिल्या पानाला सरांच्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'कुठून मोजले ते लिहावे.' खोडरबर वर्गाबाहेर. प्रार्थनेला डोळे मिटायचा नियम आहे तसाच आहे. फक्त एक मिटला तरी चालतो, एवढी सूट मोठ्या बाईंनी दिली आहे.

टिंबूला उद्याची काळजी नाही, तिच्या हातात वही आहे. माझं मागणं दुसऱ्यासाठी आहे. तुम्ही कधी रस्त्यानं जाल, तर कडेला उन्हात तीन पायांचा स्टँड रोवून, एक डोळा मिटून कुणी उभं असेल. गाड्या धूळ उडवत जात असतील, कुणी थांबत नसेल. तेव्हा त्या मोजणीबाईची आठवण काढा, जिनं स्वतःला न दिसलेल्या चांदणीसाठी एका पोरीच्या वहीवर विश्वास ठेवला. आठवण काढा, आणि मान वर करा.